काउंटरवरचं ‘नाही’

दुपारी साडेतीनची वेळ. नगर वाचनालयं या वेळेला पेंगत असतात. वर्तमानपत्रांच्या तिरक्या टेबलापाशी दोन-तीन निवृत्त मंडळी, डोक्यावर कुरकुरणारा पंखा, आतल्या खोलीतून येणारा खळीचा आणि जुन्या कागदाचा आंबूस वास. पाठीला सॅक लावलेली एक कॉलेजातली मुलगी देवघेवीच्या काउंटरशी आली. “काका, गावगाडा आहे का?” “कुणाचं?” “अत्र्यांचं.” काकांनी दोन बोटांनी सावकाश टाइप केलं, चष्म्यावरून पडद्याकडे पाहिलं आणि म्हणाले, “अत्र्यांची नाटकं आहेत, आत्मचरित्र आहे. हे नाही.” मुलगी “बरं” म्हणाली, काउंटरवर दोरीनं बांधलेल्या वहीत काहीतरी खरडलं आणि निघून गेली. सगळं मिळून एखादं मिनिट. कुणी उद्धट बोललं नाही, कुणी कामचुकारपणाही केला नाही.

पुस्तक आत होतं.

काउंटरपासून पाच पावलांवर कार्डांचं जुनं लाकडी कपाट. त्याचा उपयोग आता पाण्याचा जार ठेवायला होतो. ‘अ’चा खण जरा अडकतो, पण उघडतो. आत तीन बाय पाच इंचांची कार्डं, खालच्या भोकांतून ओवलेली सळई, आणि प्रल्हाद केशव अत्र्यांच्या गठ्ठ्यामागे एकटंच एक कार्ड, निळ्या शाईत: अत्रे, त्रिंबक नारायण. गांव-गाडा. डावीकडे दाखलांक, म्हणजे पुस्तक दाखल झाल्याचा क्रमांक, आणि वर्गांक, म्हणजे विषयाचा आकडा. गंमत म्हणजे कॉम्प्युटरमध्येही ही नोंद होती. कार्डांवरून ती भरणारा माणूस इमानी निघाला. १९१५च्या पुस्तकाच्या मुखपृष्ठावरचा अनुस्वार आणि मधली आडवी रेघ, दोन्ही त्यानं जशीच्या तशी उतरवली. काकांनी टाइप केलं ‘गावगाडा’. यंत्राच्या लेखी ‘गाव’ आणि ‘गांव’ या दोन वेगळ्या अक्षरमाळा. शिवाय अत्रे म्हटलं की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे एकच अत्रे उभे राहतात. त्यामुळे कुणाचीही चूक नसताना पुस्तक गायब झालं.

ग्रंथालयात ऐकू येणाऱ्या ‘नाही’बद्दल मग विचार करावासा वाटतो. ते क्वचितच पुस्तकाबद्दल असतं. बहुतेक वेळा आपण ज्या रूपात विचारलं, त्या रूपाला मिळालेलं ते उत्तर असतं.

अनुस्वाराचंच घ्या. शुद्धलेखनाचे नवे नियम १९६२चे. त्याआधीची पुस्तकं नांव, कांहीं, पांच, घरें, डोंगरांतील अशा वळणाची. जुन्या वाचनालयातला निम्मा ऐवज त्या काळातला, आणि नोंदी कधी जुन्या वळणानं, कधी भरणाऱ्याच्या सवयीनं नव्या वळणानं. त्यावर उपाय अगदी साधा आहे. पूर्ण नाव टाकायचंच नाही. शब्दाचा जो तुकडा कुणीही वेगळा लिहिणार नाही, तेवढाच टाकायचा. ‘गावगाडा’साठी नुसतं ‘गाडा’. जोडाक्षरं, ऱ्हस्व-दीर्घ, अनुस्वार हे सगळे भांडणाचे विषय टाळून उरलेलं मधलं घट्ट अक्षर धरायचं. मात्र शोधताना ‘या शब्दाने सुरू होणारे’ आणि ‘हा शब्द असलेले’ असे दोन पर्याय असतात, त्यांतला दुसरा निवडायचा. पहिलाच आपोआप निवडलेला असतो आणि तिथेच अनेकांचा शोध संपतो.

काही भांडणं डोळ्यांना दिसतही नाहीत. ‘ॲ’ हे एकसंध अक्षर म्हणूनही टाइप होतं आणि ‘अ’वर चंद्र चढवूनही. जुन्या फाइलींत त्याच जागी हिंदी वळणाचं ‘ऍ’ असतं. ‘दुसऱ्या’मधला अर्धा र दोन पद्धतींनी उमटतो, आणि दोन्ही कागदावर सारखेच दिसतात. त्याहून वाईट म्हणजे युनिकोड रुळण्याआधी भरलेल्या याद्या. त्या काळच्या फॉन्टमध्ये मराठी दिसायची, पण आत रोमन अक्षरांची खिचडी असायची. फॉन्ट बदलला की सगळी यादी निरर्थक चिन्हांची होते. अशा ठिकाणी कॉम्प्युटरशी झटापट करण्यात अर्थ नाही. ग्रंथपालांना सरळ विचारावं, “दाखल नोंदवही बघायला मिळेल का?” पुस्तक ज्या क्रमानं आलं त्या क्रमानं त्यात ओळ असते. खरेदीचं साधारण वर्ष माहीत असेल तर बोट फिरवत अर्ध्या तासात सापडतं.

लेखकाच्या नावाचे घोटाळे वेगळेच. नोंद आडनावानं असते हे सगळ्यांना ठाऊक असतं, पण टोपणनावांचं काय करायचं यावर वाचनालयांचं एकमत नाही. कुसुमाग्रजांची कविता ‘कु’मध्ये आणि नाटकं ‘शि’मध्ये, शिरवाडकरांच्या नावावर, आरती प्रभूंची कविता ‘आ’त, कादंबऱ्या खानोलकरांच्या ‘खा’त, ग्रेस कुठे ‘ग्रे’त तर कुठे गोडघाट्यांत. दोन्हीकडे पाहावं. आद्याक्षरांतल्या टिंबांनी आणि मोकळ्या जागांनीही फरक पडतो, म्हणून नुसतं आडनाव टाकून यादी डोळ्यांखालून घालणं केव्हाही बरं. आडनाव जोशी-कुलकर्णी असेल तर मात्र चहा पिऊनच बसावं.

समजा नोंद सापडली, पण पुस्तक जागेवर नाही. इथे दुसरं ‘नाही’ भेटतं, आणि त्यातही प्रकार आहेत. पुस्तक सभासदाकडे असेल तर परतीची तारीख विचारून आपलं नाव मागणीत लावता येतं. बांधणीला गेलं असेल तर गठ्ठा परत येईपर्यंत थांबायचं. संदर्भ विभागात असेल तर घरी मिळणार नाही, पण तिथे बसून वाचायला कुणाची ना नसते. देवघेवीचा माणूस त्याला ‘नाही’च म्हणतो, कारण त्याच्या खात्यातून ते नाहीच. ‘जीर्ण’ म्हणून कुलूपबंद कपाटात असेल तर अर्ज करावा लागतो. निर्लेखित झालं असेल, म्हणजे रीतसर यादीतून काढलं असेल, तर ते खरोखर गेलं. आणि काही नुसतीच चुकीच्या फळीवर खोचलेली असतात. ‘कोणत्या प्रकारे नाही?’ असा एक प्रश्न विचारला की समोरच्याचा आवाज बदलतो. त्याला कळतं, हा माणूस फळ्या ओळखतो.

चुकीच्या फळीचं गणित समजून घेण्यासारखं आहे. बऱ्याच वाचनालयांत विषयांना आकडे देणारी ड्यूईची दशांश पद्धत असते, निदान असल्याचं सांगतात. त्यात मराठी साहित्याचा आकडा ८९१.४६. पुढे १ लागला की कविता, २ नाटक, ३ कथा-कादंबरी, ४ निबंध. महाराष्ट्राचा इतिहास ९५४.७९२. गावगाड्यासारखं खेड्याच्या समाजरचनेवरचं पुस्तक ३०७.७२ला हवं. पण त्यात शेतकरी आहे म्हणून कुणी ते ६३०ला, शेतीत, टाकतं. आणि नाव वाचून घाईत वर्गांक देणाऱ्यानं ८९१.४६३ला, ग्रामीण कादंबऱ्यांत, बसवलं तरी नवल नाही. त्या दिवशी ते तिथेच होतं, दोन जाडजूड कादंबऱ्यांच्या मध्ये चेपलेलं, कणा निसटलेला. मुक्तद्वार असेल, म्हणजे आत जाऊन हातानं पुस्तकं काढायची मुभा असेल, तर आपल्या विषयाचे दोन-तीन संभाव्य आकडे कागदावर लिहून त्या त्या फळीसमोर पाच मिनिटं उभं राहावं. शेजारची पुस्तकं जे सांगतात ते कुठलाही शोध सांगत नाही. आणि जाताना काउंटरमागे परत आलेल्या पुस्तकांचा ढीग पाहावा. गावातले लोक सध्या काय वाचतात ते तिथे कळतं, आणि बऱ्याचदा हवं ते पुस्तकही तिथेच निघतं, अजून फळीवर न गेलेलं.

पण मनाला टोचत राहिलं ते वेगळंच. त्या मुलीला ते पुस्तक कशासाठी हवं होतं?

विषय बहुधा बलुतेदारीचा असावा. कॉलेजच्या प्रकल्पांना हा विषय ठरलेला आणि त्याबरोबर येणारं पुस्तकाचं नावही ठरलेलं. तिनं “बारा बलुतेदारांवर काय काय आहे?” असं विचारलं असतं तर संदर्भ विभागाची खोली उघडली असती. आपण दुकानात गेल्यासारखे एका वस्तूचं नाव घेऊन जातो. ग्रंथपालाला विषय सांगावा, कशासाठी हवा ते सांगावं, आधी काय वाचलंय तेही सांगावं. रंगनाथनांनी १९३१मध्ये ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले, त्यांत वाचकाचा वेळ वाचवा असा एक आहे. वाचकानं पुरतं विचारलं नाही तर तो नियम ग्रंथपालानं पाळायचा कसा?

संदर्भ विभागात बसल्यावर काय करायचं? पहिल्यांदा शब्दकोश. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची दुसरी आवृत्ती १८५७ची, आणि ती शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशियाई कोशांच्या संकेतस्थळावर फुकट शोधता येते. तिथेच दाते-कर्व्यांचा महाराष्ट्र शब्दकोशही आहे. पण इथेही तोच अनुस्वार आडवा येतो. मोल्सवर्थात ‘बलुते’ नाही, ‘बलुतें’ आहे. ‘तळे’ नाही, ‘तळें’. ‘करणे’ नाही, ‘करणें’. नपुंसकलिंगी एकारान्त शब्द असला की टिंब द्यायचं. ते दिलं की बलुतेदारांची नोंद उघडते, आणि तिथे हे कारागीर थोरल्या, मधल्या, धाकट्या ओळींत कसे बसवले होते ते वाचायला मिळतं. एका शब्दाच्या अर्थात गावाची उतरंड दिसते. मग विश्वकोश. तो संपूर्ण संकेतस्थळावर आहे, पण वाचताना एक भान ठेवावं. पहिला खंड १९७६चा, शेवटचे खंड एकविसाव्या शतकातले. म्हणजे ‘अ’नं सुरू होणाऱ्या विषयाची मूळ नोंद एका काळातली आणि ‘ह’ची दुसऱ्या काळातली. आकडेवारी उतरवून घेण्याआधी खंडाचं साल पाहावं.

मग गॅझेटिअर, म्हणजे जिल्ह्याजिल्ह्याची माहिती देणारे सरकारी ग्रंथ. मुंबई इलाख्याचे जुने खंड १८८०च्या आसपासचे. रत्नागिरी-सावंतवाडीचा दहावा १८८०चा. पुण्याचा अठरावा, तीन भागांत, १८८५चा. राज्याच्या दर्शनिका (गॅझेटिअर) विभागाच्या संकेतस्थळावर ते सापडतात. इंग्रजी आहे म्हणून घाबरून जाऊ नये. सगळं वाचायचं नसतं. लोक आणि व्यवसाय यांचं प्रकरण बघायचं, आणि शेवटचं स्थळांचं प्रकरण, जे गावांच्या नावांनी वर्णानुक्रमे लावलेलं असतं. आपल्या तालुक्याच्या गावी तेव्हा कुठल्या वारी बाजार भरायचा इथपर्यंत कधी कधी मजकूर मिळतो. भाषा साहेबाची आहे, आणि जातींविषयी लिहिताना नजरही साहेबाचीच, हे विसरून उतारे उचलले की प्रकल्पाचा घोळ होतो.

मराठी पुस्तकांविषयीची एक जुनी तक्रार इथे केल्यावाचून राहवत नाही. आपल्याकडच्या वैचारिक ग्रंथांना शेवटी शब्दसूची नसते. चारशे पानांत ‘सुतार’ कुठे आला हे पान पान उलटूनच शोधायचं. त्यामुळे अनुक्रमणिका, प्रस्तावना आणि मागची संदर्भयादी एवढं आधी वाचून टाकावं. संदर्भयादी ही दुसऱ्या कुणीतरी आपल्यासाठी आधीच केलेली खरेदीची यादी असते. आणि मराठीत अमुक विषयावर पूर्वी काय छापलं गेलं हे जाणायचं तर शंकर गणेश दात्यांची ग्रंथसूची मागावी, १८०० ते १९३७ या काळातल्या मराठी पुस्तकांची. ती मागणारा वाचक दिसला की ग्रंथपाल स्वतः उठून येतात.

जुन्या पुस्तकाला हात लावण्याचंही एक तंत्र आहे. १८८०चं पुस्तक आणि १९४५चं पुस्तक शेजारी ठेवा. बहुतेकदा जुनंच जास्त धडधाकट असतं. आधीचा बराच कागद चिंध्यांच्या लगद्याचा, नंतरचा लाकडाच्या लगद्याचा, तुरटी घातलेला. त्यातलं आम्ल वर्षानुवर्षं कागद आतून खात राहतं आणि महायुद्धकाळचा कागद तर हाताखाली पापडासारखा मोडतो. अशा पुस्तकाची झेरॉक्स मागूच नये, काचेवर उलटं दाबलं की कणा जातो. फोनवर फोटो घ्यावेत. पुस्तक पूर्ण आडवं न उघडता काटकोनाहून थोडं जास्त उघडायचं, वरच्या पुठ्ठ्याखाली दुसऱ्या पुस्तकाचा आधार द्यायचा, खिडकीचा उजेड बाजूनं घ्यायचा, फ्लॅश बंद. स्कॅन करणारं ॲप वापरत असाल तर त्यातली आपोआप ‘स्वच्छ’ करण्याची सोय बंद ठेवा. ते ॲप फिकट ठिपक्यांना डाग समजून पुसतं, आणि जुन्या मराठीत फिकट ठिपके म्हणजे अनुस्वार. पहिला फोटो मुखपृष्ठामागच्या पानाचा घ्यावा, तिथे आवृत्ती आणि साल असतं. साल शक्यतो शके असतं, त्यात ७८ मिळवायचे: शके १८३७ म्हणजे १९१५. जानेवारी ते गुढीपाडवा या काळातलं असेल तर ७९. आणि एका कागदावर दाखलांक लिहून त्याचाही फोटो. सहा महिन्यांनी ‘हे नेमकं कुठलं पुस्तक?’ हा प्रश्न पडणारच असतो.

त्या फोटोंतून टाइप केलेला मजकूर हवा असेल तर गुगल ड्राइव्हवर एकेक पान चढवून ते डॉक्समध्ये उघडायचं. मराठी अक्षरं बऱ्यापैकी ओळखली जातात. पान सरळ असावं, फाइल दोन एमबीच्या आत असावी, आणि दोन रकान्यांचं पान असेल तर आधी उभं कापून घ्यावं, नाहीतर डावीकडची ओळ उजवीकडे चिकटून अजब वाक्यं तयार होतात. छपाईच्या जुन्या खिळ्यांतले ‘अ’, ‘झ’, ‘ण’ चुकतात. मूळ पानाशी ताडून पाहिल्याशिवाय त्यातलं एकही वाक्य उद्धृत करू नये.

ज्यांच्या गावच्या वाचनालयात पुस्तक खरोखरच नाही, त्यांच्यासाठी इंटरनेट अर्काइव्ह हे फुकट ऑनलाइन भांडार आहे. लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षं उलटली की पुस्तक सगळ्यांचं होतं. त्रिंबक नारायण अत्रे १९३३ला गेले, त्यामुळे त्यांच्या पुस्तकाबद्दल मनात शंका नको. डिजिटल लायब्ररी ऑफ इंडियानं स्कॅन केलेली हजारो मराठी पुस्तकं तिथे पडून आहेत, पण देवनागरीत शोधाल तर त्यांतली बरीचशी दिसणार नाहीत. नोंदी रोमन लिपीत, आणि त्यातही अजब वळणाच्या: दीर्घ आकाराला ‘ए’ दोनदा, दीर्घ ईकाराला ‘आय’ दोनदा, अनुस्वाराला ‘एन’ आणि पुढे एक वरचा स्वल्पविराम. नावाची दोन-तीन स्पेलिंगं कागदावर करून बघायची, मग लेखकाचं आडनाव, मग नुसता विषय. पुस्तक उतरवल्यावर लगेच खूश होऊ नये. शेवटच्या पानावरचा आकडा आणि स्कॅनमधल्या पानांची संख्या जुळते का पाहावं. दोन पानं गायब असतील तर स्कॅन करणाऱ्याच्या हातून दोन पानं एकदम उलटली. आठ किंवा सोळा गायब असतील तर मूळ प्रतीतलाच फर्मा, म्हणजे एकत्र छापून दुमडलेला पानांचा संच, निसटलेला आहे आणि दुसरी प्रत शोधण्यावाचून इलाज नाही. छापील पानाचा आकडा आणि पडद्यावरचा आकडा यांतला फरक एकदा मोजून पहिल्याच पानावर लिहून ठेवला की पुढचा वैताग वाचतो. राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची पुस्तकं त्यांच्या संकेतस्थळावर पीडीएफ रूपात आहेत, ती तुलनेनं स्वच्छ. राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय हे मुख्यतः शोधयंत्र आहे. तिथून दुसऱ्या कुठल्या तरी भांडाराच्या दारात आपण जातो, आणि ते दार उघडेलच याची हमी नसते.

अमेरिकेतल्या मराठी माणसाची परिस्थिती या बाबतीत विचित्र चांगली आहे. लायब्ररी ऑफ काँग्रेसचं दिल्ली कार्यालय १९६२पासून भारतीय भाषांतली पुस्तकं खरेदी करून तिकडच्या विद्यापीठांना पाठवत आलं. त्यामुळे इथे रद्दीत गेलेली कादंबरी तिकडे कुठल्या तरी थंडगार तळघरात नीट उभी असते. जवळच्या सार्वजनिक ग्रंथालयातून आंतरग्रंथालयीन मागणी नोंदवली की ती येऊ शकते. अट एकच, नाव त्यांच्या पद्धतीनं लिहायला हवं. आडनावांतला प्रत्येक ‘अ’ तिथे उच्चारल्यासारखा लिहितात, शेवटचासुद्धा, म्हणून खांडेकर तिथे ‘खांडेकरा’ आणि तेंडुलकर ‘तेंडुलकरा’ असे वाचता येतील असे सापडतात. ‘च’ला नुसता ‘सी’. हे ठाऊक नसलं की तिथेही तेच उत्तर, फक्त इंग्रजीत.

आता ती दोरीनं बांधलेली वही. तिला मागणी नोंदवही म्हणतात, आणि वाचनालयातली सगळ्यांत दुर्लक्षित वस्तू तीच. वाचक तिच्यात “चांगली पुस्तके मागवा” असं लिहितात, ज्याचा कुणालाच उपयोग नसतो. पूर्ण नाव, लेखक, प्रकाशक, किंमत, आणि का हवं याचं एक वाक्य, एवढं लिहिलं तर खरेदी समितीचं काम सोपं होतं. लिहायचं ते दिवाळीच्या आसपास. अनुदानाचा पैसा मार्चअखेर संपवायची घाई सुरू होते, तेव्हा हाताशी तयार यादी असेल तर तीच पुढे जाते. नाहीतर विक्रेत्याच्या यादीवर खुणा होतात.

वहीत त्या मुलीची ओळ होती. सुबक अक्षर, हिरवं पेन. गावगाडा, त्रिं. ना. अत्रे, आणि पुढे कंसात ‘प्रकल्पासाठी, लवकर’. लेखकाचं नाव तिला पुरतं माहीत होतं, काउंटरवर मात्र आडनावाच्या पुढे संभाषण गेलंच नाही. ओळीसमोर काकांनी इमानेइतबारे शिक्का मारला होता: संग्रही उपलब्ध नाही, खरेदीस शिफारस. मार्चपर्यंत नवी आवृत्ती येईल, नव्या मुखपृष्ठाची, अनुस्वार नसलेली. तिला नवा दाखलांक मिळेल, बहुतेक ती ३०७.७२ला लागेल, आणि ‘गावगाडा’ टाइप केलं की पडद्यावर एक प्रत दिसेल. दुसरी प्रत दोन कपाटं पलीकडे, कादंबऱ्यांत.